बेलापूर-ऐरोली: बालेकिल्ल्याचं बोलण्याआधी नकाशा बघा

निवडणूक आली की टीव्हीवाले 'नवी मुंबई म्हणजे नाईकांचा (गणेश नाईक आणि त्यांच्या मुलांचा) बालेकिल्ला' असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. अर्धंच खरं आहे ते. बेलापूर मतदारसंघात गणेश नाईक दोनदा पडलेत, तिसऱ्यांदा त्यांचा मुलगा पडला. बालेकिल्ला असलाच तर तो नेमका कुठे आहे हे कळायला आधी नकाशा समजून घ्यावा लागतो.

पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधे दिघ्यापासून सीबीडीपर्यंत उत्तर-दक्षिण लांबलचक पट्टा, एवढीच महापालिकेची नवी मुंबई. खारघर, कामोठे, कळंबोली सिडकोनेच (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) वसवलं, पण ते रायगड जिल्ह्यात, पनवेल मतदारसंघात, उलवे उरणमध्ये आणि हे दोन्ही मतदारसंघ लोकसभेला मावळला जोडलेले. त्यामुळे 'नवी मुंबईचा आमदार कोण' याला एक उत्तर नाहीच. सिडको आली १९७० ला, तेव्हा ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली मिळून ९५ गावं नव्या शहरासाठी घेतली. महापालिका झाली १ जानेवारी १९९२ ला आणि तीही या सगळ्या भागाची नाही, फक्त ठाण्याकडच्या पट्ट्याची.

या पट्ट्यात मतदार तीन-चार वेगवेगळ्या लाटांनी आला. मुळचे आगरी-कोळी, जमिनी गेलेले. त्यांचं राजकारण प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनातून, जानेवारी १९८४ च्या जासईच्या गोळीबारातून आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्या या मागणीतून घडलं. मग ठाणे-बेलापूर रोडवरच्या एमआयडीसीचे कामगार आणि डोंगराच्या पायथ्याशी वाढत गेलेल्या झोपडपट्ट्या. मग मुंबईतून एपीएमसीची (कृषी उत्पन्न बाजार समिती) घाऊक मार्केटं १९८० च्या दशकापासून एकेक करून इकडे आली आणि त्यांच्यामागे साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी (ओझी उचलणारे कामगार) कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावले. शेवटी वाशी, नेरुळ, सीवूड्सचा सोसायटीवाला नोकरदार, ज्याला गावठाण-विस्तार वगैरे विषयांशी फारसं घेणंदेणं नाही, त्याला पाणी, पार्किंग आणि लोकल.

माथाडींवरून एक आठवलं. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि इकडचं २४ ला, तेव्हा शरद पवार माथाडींच्या मेळाव्यात म्हणाले होते की तिकडे घड्याळाला (राष्ट्रवादीच्या चिन्हाला) मत देऊन या आणि शाई पुसून इकडेपण द्या. ओरड झाल्यावर ते गमतीत बोललो म्हणाले. पण गंमत कळायला इथला मतदार माहीत पाहिजे, कारण घर इकडे आणि मतदार यादीत नाव तिकडे गावी असे हजारो लोक आहेत.

आता आमदारकीचं. १९९० ला आणि १९९५ ला गणेश नाईक शिवसेनेकडून बेलापूरचे आमदार झाले, युतीच्या सरकारात मंत्रीही. १९९५ लाच महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि मुलगा संजीव पहिला महापौर. मग सेनेशी बिनसलं, १९९९ ला ते राष्ट्रवादीतून उभे राहिले आणि शिवसेनेच्या सीताराम भोईरांकडून हरले. म्हणजे बालेकिल्ला पहिल्यांदा पडला तो १९९९ लाच, हे लोक विसरतात. २००४ ला ते परत निवडून आले.

तोवर हा मतदारसंघ अवाढव्य झाला होता, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या फुगली पण जागा त्याच १३. २००८ च्या फेररचनेत २००१ ची जनगणना धरून जिल्ह्याच्या जागा एकदम २४ झाल्या. (पालघर तेव्हा ठाण्यातच.) बेलापूरचे दोन तुकडे झाले, उत्तरेला ऐरोली क्रमांक १५०, दक्षिणेला बेलापूर क्रमांक १५१. ढोबळमानाने दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे एकीकडे आणि वाशी, सानपाडा, नेरुळ, सीबीडी दुसरीकडे.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. नाईकांचं बोनकोडे गाव कोपरखैरण्यात, म्हणजे ऐरोलीत गेलं. एमआयडीसी, कामगार संघटना, गावांमधली नातीगोती, सगळी ताकद त्याच बाजूला. पण २००९ ला त्यांनी ऐरोली धाकट्या मुलाला, संदीपला दिली आणि स्वतः बेलापूर घेतलं. त्या वर्षी जमलं, दोघंही आले, संजीव ठाण्याचे खासदारही झाले. २०१४ ला लोकसभेला संजीव शिवसेनेच्या राजन विचारेंकडून आपटले आणि विधानसभेला युती-आघाडी दोन्ही तुटल्यावर बेलापुरात मंदा म्हात्रे, ज्या आधी राष्ट्रवादीतच होत्या, भाजपच्या तिकिटावर १,४९१ मतांनी जिंकल्या. त्याच दिवशी ऐरोलीत संदीप मात्र निवडून आले! मोदी लाट तर दोन्हीकडे होती, पण सोसायट्यांच्या भागात ती लागली आणि गावं-कामगारांच्या भागात कमी लागली.

२०१९ ला नाईक बहुतेक नगरसेवक घेऊन भाजपमध्ये गेले, बेलापूर मागितलं, पक्षाने ते म्हात्रेंनाच दिलं. संदीपला ऐरोलीचं तिकीट होतं, ते त्याने वडिलांसाठी सोडलं आणि गणेश नाईक आरामात आले. २०२४ ला तर कमालच, संदीप भाजपचे नवी मुंबई जिल्हाध्यक्ष असताना पक्ष सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि तुतारी घेऊन बेलापुरात उभे राहिले, शेजारी ऐरोलीत वडील कमळावर. वडील जिंकले आणि वनमंत्री झाले, मुलगा म्हात्रेंकडून हरला फक्त ३७७ मतांनी. अपक्ष विजय नाहटा आणि मनसेचे गजानन काळे, या दोघांनी प्रत्येकी याच्या कितीतरी पट मतं घेतली, त्यामुळे 'कोणी कोणाला पाडलं' यावर इथल्या चहाच्या टपऱ्यांवर अजून एकमत नाही.

आणि पारसिकच्या पलीकडची ती १४ गावं. २००७ ला महापालिकेतून बाहेर काढली, आता परत घेतली, पण विधानसभेला ती मत देतात कल्याण ग्रामीणला. पाण्याची तक्रार नवी मुंबईकडे, आमदार डोंगराच्या तिकडचा. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार, तेव्हा घणसोलीतले नवे टॉवर बघता ऐरोलीची रेघ आहे तिथेच राहणं अवघड दिसतंय.