कॅमेरा पाच किलो वाढवत नाही

'कॅमेऱ्यात माणूस पाच किलो जाड दिसतो, म्हणून टीव्हीपटाची नायिका काडीच हवी' हे ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या शूटिंग सेटवर ऐकवलं जातं. कॅमेऱ्याला वजन कळत नाही, अंतर कळतं. प्रेमप्रसंगात फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा २४ एमएम, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावून फूटभरावर आणला, की नाक मोठं, कान मागे, चेहरा निमुळता. फ्रेमच्या कडेची मैत्रीण मात्र आडवी ताणली जाते. २०० एमएमने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने लांबून घ्या, तोच चेहरा पसरट. डाएट सांगण्याआधी मधली ८५ एमएम लेन्स लावून सहा-सात फुटांवर उभे राहा ना! समोरचा सपाट लाइटही गालाखालची सावली खातो. तो ४५ अंश बाजूला सरकवा.

घरी वेगळीच गंमत. जुना ४:३ (रुंदी:उंची) टीव्हीपट आजच्या रुंद १६:९ पडद्यावर ताणला, की नायक-नायिका दोघंही ३३ टक्के रुंद. रिमोटवर पिक्चर साइज ४:३ करा.