पोहरा, पंगत आणि शेजारी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी शोमरोनातल्या एका विहिरीवर टेकलेला आहे. शिष्य अन्न आणायला गावात गेलेत. एक बाई पाणी भरायला येते आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. त्याच्याकडे पोहरा नाही. म्हणजे प्यायचं तर तिच्याच भांड्यातून. ती चकित होते: तुम्ही यहूदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागता? यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, असा खुलासा लेखक तिथेच करतो. ज्या ग्रीक क्रियापदाचं भाषांतर 'व्यवहार' असं होतं, त्याचा एक अर्थ 'एकत्र वापरणे' असाही आहे. म्हणून अनेक अभ्यासक तो शब्द भांड्यांना लावतात: हे लोक एका भांड्यातून पीत नसत. मराठी वाचकाला हे समजवावं लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो मुलूख आपलाच.

ख्रिस्ती प्रीतीची मराठी मुलखातली गोष्ट म्हणूनच भावनेपासून सुरू करून चालत नाही. ती भांड्यापासून आणि पंगतीपासून सुरू करावी लागते.

यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर साधं नव्हतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला उतरू देत नाही, तेव्हा त्याचेच दोन शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? आणि लगेच पुढच्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो. ही दोन पानं एकत्र वाचल्याशिवाय दाखल्याची धार कळत नाही.

यरुशलेम ते यरीहो ही वाट साधारण २७ किलोमीटरची, आणि तेवढ्यात सुमारे हजार मीटर उतार. खंडाळ्याचा घाट जवळजवळ दोनदा उतरावा तसं. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाजवळून याजक जातो, मग लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, जातो. शोमरोनी मात्र थांबतो. लूक त्याच्या कामाची बारीक नोंद ठेवतो: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, रात्रीची शुश्रूषा, दुसऱ्या दिवशी दोन दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त खर्च झाला तर परतताना देतो, असा शब्द.

या दाखल्यावरचे उपदेश बहुतेकदा एकाच ठिकाणी चुकतात. याजक थांबला नाही कारण प्रेताला शिवलं तर विटाळ होईल, यहूदी नियमच तसे कठोर होते, असं सांगितलं जातं. लूक असं काहीही म्हणत नाही. याजक त्या वाटेने खाली चालला होता, यरुशलेमकडून दूर. मंदिरातली सेवा पुढ्यात असल्याची सबब त्याला देता येत नाही. आणि यहूदी परंपरेतल्या मिश्ना या नियमसंग्रहाप्रमाणे बेवारस प्रेत दिसलं तर महायाजकानेसुद्धा ते पुरणं हे कर्तव्य आहे. पूर्वग्रहाविरुद्ध बोलता बोलता यहूद्यांविषयीचा जुना पूर्वग्रह व्यासपीठावरून पुन्हा पेरला जातो, तो असा. विहिरीवरच्या बाईचंही तेच. तिचे पाच नवरे झाले होते एवढ्यावरून तिला बदफैली ठरवतात. नवरे वारले असतील, त्यांनी सोडचिठ्ठी दिली असेल. येशू तिला पापिणी म्हणत नाही, क्षमाही करत नाही. तो तिच्याशी उपासनेच्या जागेबद्दल गंभीर चर्चा करतो.

शोमरोन्याची कल्पनाही आकाशातून पडलेली नव्हती. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात शोमरोनात धरून आणलेल्या यहूदी कैद्यांना तिथलेच लोक कपडे घालतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोला पोचवतात. तेल, जनावर, यरीहो, सगळं तिथे आहे. शत्रूच्या चांगुलपणाची आठवण शास्त्रातच होती. ती पुसली गेली होती, एवढंच.

पहिल्या पिढीच्या मंडळ्यांतही पंगत मोडली. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून माणसं आली तसा तो त्या पंगतीतून उठला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला खडसावलं. गलतीकरांच्या पत्रात हे जसंच्या तसं नोंदलेलं आहे, लपवलेलं नाही.

आता मुंबई. अमेरिकन मिशनरी इथे १८१३ साली उतरले, स्कॉटिश जॉन विल्सन १८२९ साली. मात्र वसई-साष्टीतले मराठी बोलणारे ख्रिस्ती त्याआधीचे, पोर्तुगीज काळातले. यांच्यापैकी मुंबईकरांनी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणण्याची त्यांची चाल आजही टिकून आहे. पण बाप्तिस्म्याने जात धुतली गेली, असं म्हणता येत नाही. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या बोली, पेहराव आणि सोयरिकी दीर्घकाळ वेगवेगळ्याच राहिल्या. दक्षिणेत तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीच्या वेळी जातीप्रमाणे वेगळं बसायचे आणि प्यालाही क्रमाने द्यायचे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली पत्रक काढून ही प्रथा बंद करायला सांगितली, तेव्हा पुष्कळांनी मंडळ्या सोडल्या. एकाच प्याल्याला ओठ लावण्याची वेळ आली की कोण कोणाला काय समजतो ते उघडं पडतं.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या. तरी सदनातल्या ब्राह्मण विधवांना त्यांचे खाण्यापिण्याचे नियम पाळू दिले. यात भित्रेपणा होता असं काहींना वाटलं. माझ्या मते ती प्रीतीची अवघड बाजू होती: आसऱ्याला आलेल्या बाईच्या असहायतेचा फायदा घ्यायचा नाही. पुढे दुष्काळात केडगावच्या त्यांच्या आश्रमात सर्व जातींच्या मुली आल्या.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, त्या सोवळं सांभाळतच. ते सुटलं ते कोणाच्या आग्रहाने नाही. माणूस देवाने केला, मग जाती कोणी केल्या, हा विचार त्यांचा त्यांनी केला आणि कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी भांडं, मग विधी. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा भक्तमेळा काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती.

डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती होण्याचा पर्याय तपासला आणि धर्मांतर झालं तरी जात चर्चमध्ये शिरते, हे परखडपणे लिहिलं. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांनाही सवलती मिळाव्यात या मागणीसाठी मोर्चे निघाले. पण चर्चच्या आत काय चाललंय याची कबुली अधिकृतपणे यायला वेळ लागला: भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण २०१६ साली जाहीर केलं आणि त्यात चर्चमध्ये भेदभाव आहे हे मान्य केलं. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बंधुभावावरच्या पत्राचा एक अख्खा अध्याय शोमरोन्याच्या दाखल्याला दिला.

बायबल अभ्यासगटात हा दाखला घ्यायचा असेल तर एक पद्धत चांगली चालते. आधी मजकूर सावकाश मोठ्याने वाचा. मग प्रत्येकाला कागदावर एक समाज लिहायला सांगा, ज्याच्या हातून मदत घेताना मन कचरेल, आणि 'शोमरोनी' या शब्दाच्या जागी तो घालून गोष्ट पुन्हा वाचा. कागद गोळा करू नका, नावं कोणाला दाखवायची नाहीत. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, लोक सोयीचं नाव लिहितात, दूरच्या देशातलं. त्यावर उपाय: आपल्या इमारतीत ज्यांना घर भाड्याने मिळत नाही त्यांच्यापैकी एक निवडा, एवढंच सांगा. दुसरी, प्रत्येकजण आपण शोमरोनी आहोत असं धरून चालतो. दाखला ऐकणारा शास्त्री मात्र रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जागी आहे. 'माझा शेजारी कोण?' असं त्याने विचारलं होतं. येशूने उलट विचारलं, त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याने उत्तर बरोबर दिलं, पण 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. 'दया करणारा तो', एवढंच तो म्हणाला.