सोनखत ते गाळखत

सांडपाणी शुद्ध करून झालं की मागे काळा, चिकट गाळ उरतो. वाफ्यांवर पसरून वाळवला की त्याला भेगा पडतात आणि बऱ्याचदा त्या भेगांमधून टोमॅटोची रोपं डोकावतात. माणसाच्या पोटातून, गटारातून, टाक्यांमधून फिरूनही ते बी मरत नाही. मग जंतू आणि जंतांची अंडी तरी कुठून मरणार? असा गाळ शेतात घालायचा की नाही, हा वाद तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणत आले. शब्द सुंदर आहे, पण हे सोनं डोक्यावरून वाहायचं काम जातीने ठरलेल्या माणसांच्या माथी होतं, हे विसरून त्याचं कौतुक करता येत नाही. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि गांधीजींनी त्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी साध्या खताच्या संडासाचा प्रसार केला. मैल्यावर माती, पालापाचोळा टाकायचा, तो कुजू द्यायचा आणि खत झाल्यावरच हात लावायचा. खत आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन्हींचा त्यांनी एकत्र विचार केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

शहरांचा रस्ता वेगळा होता. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंच्या गाळाकरवी ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. त्यांना या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर थोड्याच वर्षांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले. त्याच संस्थेत 1939 च्या सुमारास सी. एन. आचार्य या शास्त्रज्ञांनी 'बंगळूर पद्धत' बसवली: खड्ड्यात शहरचा कचरा आणि मैला यांचे थर एकावर एक द्यायचे, वरून मातीने लिंपायचं आणि न ढवळता काही महिने तसंच ठेवायचं. तिकडे अमेरिकेत मिलवॉकी शहर 1926 पासून वाळवलेला गाळ 'मिलॉर्गनाइट' नावाने पोत्यात भरून विकू लागलं होतं.

तोवर चिंता होती ती जंतूंची, नत्राची आणि वासाची. मात्र त्याच गटारांत कारखान्यांचं पाणीही येऊ लागलं आणि गाळाचा स्वभावच पालटला. कॅडमियम, शिसं, क्रोमियम कुजून नाहीसं होत नाही, ते गाळात साठतं. युरोपने 1986 मध्ये आणि अमेरिकेने 1993 मध्ये धातूंच्या मर्यादा घालून दिल्या. तरी त्या नियमांच्या नजरेतून 'पीएफएएस' ही न विघटणारी रसायनं सुटली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतजमिनींत ती सापडली आणि 2022 मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावरच बंदी आणली.

भारतात जंतूंच्या प्रश्नाला भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्तर शोधलं. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचं काम आधी बडोद्यात झालं आणि 2019 मध्ये अहमदाबादेत रोज 100 टन सुक्या गाळाचा प्रकल्प उभा राहिला. किरणांनी जंतू मरतात, मग उपयुक्त जिवाणू मिसळून खत बनवता येतं. धातू मात्र तसेच राहतात, किरणांचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. गाळखताची गोणी घेताना मी पहिल्यांदा हे दोन आकडे विचारीन आणि दुसरा प्रश्न करीन, की या गटारात कुठल्या कारखान्यांचं पाणी येतं?