घरी येणाऱ्या मावशीला काय येतं, काय नाही

कॅन्सरच्या पेशंटला "आता घरीच सांभाळा" असं डॉक्टरांनी सांगितलं, की गावी आणल्यावर दोन-चार दिवसांत आमच्याकडे फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर पाठवता का?"

आम्ही सिस्टर पाठवत नाही. सिस्टर म्हणजे नर्सिंग शिकलेली: त्यातला एएनएमचा कोर्स २ वर्षांचा, जीएनएमचा ३ वर्षांचा. आमच्या मावशा आणि दादा मदतनीस आहेत. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, लघवीची नवी नळी घालणं हे त्यांचं काम नाही. एखादीनं "मला जमतं" म्हटलं तरी करू देऊ नका.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ कूस बदलायला शिकवण्यात घालवतो. ऐकायला सोपं वाटतं. पण पेशंटला गादीवरून ओढलं की कातडी सोलते, म्हणून चादरीसकट उचलूनच वळवायचं, साधारण दर २ तासांनी. माकडहाड, खुबा, टाचा रोज पाहायच्या. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, तिथं हात लावून पाहावं लागतं: जागा गरम किंवा घट्ट लागली तर जखमेची सुरुवात असू शकते. तिथं चोळायचं नाही, तेल लावूनही नाही. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलायचीच. आपल्याकडे मे महिन्यात रात्री लाईट गेली की त्या गादीचा काय भरवसा!

दुखणं ० ते १० मध्ये किती, हे मावशी विचारते. पेशंट बोलत नसेल तर कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, अंग आखडणं बघून वहीत लिहिते. मॉर्फिनची गोळी डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच द्यायची. "मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं" हा समज घराघरांत आहे, त्यापायी गोळी लपवून ठेवणारे नातेवाईकही आम्ही पाहिलेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ती दुखणं कमी करण्यासाठी असते. मात्र पोट घट्ट होतं, म्हणून शौचाची नोंद रोज ठेवायची.

खरी ओढाताण जेवणावरून होते. शेवटच्या दिवसांत भूक जाते, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात, "आईनं दोन घास तरी खावेत." मावशी पेज भरवत नाही म्हणून तक्रारी येतात. जबरदस्तीनं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. अशा वेळी ओठ ओले ठेवणं, ओल्या कापसानं तोंड पुसणं एवढंच करायचं असतं, आणि हे तुम्हीही करू शकता. लेकीच्या हातानं झालेलं बरं, असं आमचं मत आहे.

प्रमाणपत्र मागा, आम्ही दाखवू. पण कागदावर जाऊ नका. नव्या मावशीला आम्ही आधी स्वतः बाजेवर झोपवतो आणि दुसरीकडून तिची कूस बदलून घेतो. ओढल्यावर कसं लागतं ते तिला कळतं. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर पेशंटला वळवायला सांगा. ओढलं तर त्याच दिवशी फोन करा, दुसरी मावशी पाठवू.