एकच गुरुत्व, पण सिद्धांत दोन

हुआन माल्दासेना यांनी १९९७ मध्ये मांडलेला होलोग्राफिक संबंध थोडक्यात असा: अँटी-डी सिटर जातीच्या (सगळीकडे सारखी ऋण वक्रता असलेल्या) अवकाशात आत चालणारे गुरुत्व आणि त्याच्या सीमेवरचा, गुरुत्व नसलेला क्वांटम सिद्धांत, ही एकाच गोष्टीची दोन वर्णने. मग आतली समीकरणे लिहिली की सीमेवरचा सिद्धांत ठरला, असे वाटते. तो ठरत नाही.

सीमेला ३ मिती आहेत असे धरू. आत एक अदिश क्षेत्र आहे, म्हणजे प्रत्येक बिंदूला दिशा नसलेली एकच संख्या. त्याच्या वस्तुमानाचा वर्ग गुणिले वक्रतात्रिज्येचा (अवकाश किती वाकले आहे याच्या मापाचा) वर्ग ही संख्या −२. (सपाट अवकाशात ऋण वस्तुमानवर्ग म्हणजे अस्थिरता, इथे −९/४ पर्यंत धोका नाही, हे ब्राइटनलोहनर आणि फ्रीडमन यांनी १९८२ मध्ये दाखवले.) सीमेकडे जाताना क्षेत्र ज्या घाताने विरते तो 'घात × (घात − ३) = −२' यातून मिळतो. उत्तरे दोन: १ आणि २. नेहमीच्या पद्धतीत घात १ चा सहगुणक आपण बाहेरून ठरवतो आणि घात २ चा सहगुणक हा प्रतिसाद मानतो. वस्तुमानवर्गाची ती संख्या −९/४ आणि −५/४ यांच्या मध्ये असेल तर या भूमिकांची अदलाबदलही चालते, असे क्लेबानोव्ह आणि विटन यांनी १९९९ मध्ये दाखवले. −५/४ ओलांडली की लहान घात १/२ च्या खाली जातो, संभाव्यता ऋण येऊ लागतात आणि निवड संपते. नळीची लांबी तीच असली तरी टोक बंद की उघडे यावर सूर बदलतो, तसेच हे.

फरक किरकोळ नाही. हार्टनॉल, हर्झोग आणि होरोविट्झ यांनी २००८ मध्ये नेमके −२ घेऊन होलोग्राफिक अतिवाहक (रोधाविना वीज वाहणारा पदार्थ) मांडला. कृष्णविवर तेच, समीकरणे तीच. तरी संक्रमणाचे तापमान, म्हणजे ज्याखाली अतिवाहकता येते ते, एका निवडीत विद्युतभाराच्या घनतेच्या वर्गमुळाच्या सुमारे ०.२२६ पट, तर दुसरीत ०.११८ पट आले. म्हणून सीमेवरची अट न सांगता दिलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

हे दोन सिद्धांत एकमेकांशी जोडलेलेही आहेत. भूमिका अदलाबदल केलेल्या सिद्धांतात प्रतिसाद, म्हणजे सीमेवरची राशी, घात १ ची असते; तिचा वर्ग त्या सिद्धांतात मिळवा. त्याचा घात २, म्हणजे सीमेच्या ३ मितींपेक्षा कमी, म्हणून कमी ऊर्जेला त्याचा प्रभाव वाढतो आणि सिद्धांत नेहमीच्या पद्धतीच्या सिद्धांताकडे सरकतो. अनेक घटकांच्या क्षेत्राच्या त्रिमितीय प्रतिकृतीत हे कागदावर तपासता येते: परस्परक्रिया नसताना क्षेत्रवर्गाचा घात १, क्रांतिक बिंदूवर (जिथे अवस्था बदलते तिथे) २. मात्र २ हा आकडा घटकांची संख्या अनंत असतानाच अचूक असतो. एकाच घटकाच्या आयसिंग प्रतिकृतीत (चुंबकाच्या सर्वांत साध्या प्रतिकृतीत) तो सुमारे १.४१ भरतो. घटक मर्यादित असताना येणारी ही तफावत आतल्या बाजूने गुरुत्वाच्या क्वांटम दुरुस्त्यांतून मोजावी लागते, आणि तिथे खरी मेहनत आहे.