दुखतंय छातीत, चिमटा पायाला

कार्डिओग्राम काढायला गेलेल्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न: दुखतंय छातीत, मग हे चिमटे मनगटांना आणि घोट्यांना कशाला? याचं उत्तर मिठाच्या पाण्यात आहे.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेनं सुरू होतो. उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा एक पुंजका आपणहून इशारा देतो. ती लहर वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या गाठीपाशी सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा रेंगाळते आणि मग खालचे कप्पे झटकन आकसतात. शरीरात सगळीकडे खारं पाणीच, त्यामुळे ही वीज कातडीपर्यंत, अगदी हातापायांपर्यंत पोचते. पण किती? जेमतेम एक मिलिव्होल्ट. टॉर्चच्या सेलचा दीड हजारावा भाग.

ती आधी दिसली बेडकाच्या पायाला. १८५६ मध्ये कोलिकर आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या पायाचा मज्जातंतू धडधडत्या हृदयावर ठेवला, तर ठोक्यागणिक पाय उडायला लागला. माणसाच्या कातडीवरून ही वीज टिपली ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञांनी, १८८७ मध्ये लंडनला, विजेनं पारा हलतो अशा बारीक नळीनं. प्रात्यक्षिकाला त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून शांत उभा राही. १९०९ मध्ये यावरून ब्रिटिश संसदेत क्रूरतेचा प्रश्न आला. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिलं, की सन्माननीय सदस्य समुद्रात पाय भिजवून आले असतील, तर कुत्र्याला काय वाटलं ते त्यांना कळेल!

पारा मात्र सुस्त. ठोक्यांची रेघ खरी उमटेना. जावा बेटावर जन्मलेले आणि हॉलंडमधल्या लायडनला प्राध्यापक असलेले विलेम आइन्थोव्हेन आधी गणितानं ती दुरुस्त करत बसले. कच्च्या रेघेच्या टेकाडांना ए-बी-सी-डी नावं होती, म्हणून १८९५ मध्ये दुरुस्त रेघेला त्यांनी पी-क्यू-आर-एस-टी दिली. गंमत अशी, की पी जिथून निघतो तो इशारा देणारा पुंजका कीथ आणि फ्लॅक या संशोधकांना सापडला १९०७ मध्ये. नाव आधी, पत्ता नंतर.

मग आइन्थोव्हेन यांनी पारा सोडलाच. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिबारीक धागा दोन चुंबकांमध्ये ताणला आणि त्याच्या थरथरणाऱ्या सावलीचा फोटो घेतला. हे यंत्र सुमारे २७० किलोचं, चालवायला पाच माणसं. ते पेशंटकडे नेणं अशक्य, म्हणून १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलातून टेलिफोनच्या तारेनं ठोकेच यंत्राकडे आणले. पेशंट खुर्चीत, दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. १९२४ चं नोबेल या कामाला मिळालं.

ती भांडी गेली, जेली आणि चिमटे आले. छातीवरच्या सहा जागा १९३० च्या दशकात ठरल्या. हातापायांच्या जागा मात्र आइन्थोव्हेन यांच्याच: लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला. उजव्या पायाचा काळा चिमटा त्यांच्या खुर्चीत नव्हता. तो आजही ठोके मोजत नाही. खोलीतल्या विजेची कुरकुर पट्टीवर उमटू नये, एवढंच त्याचं काम.