जिवंत खडकावरील अनोळखी वाढ

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात कोणी न लावता खडकावर उगवणारे शैवल, स्पंज, कृमी, समुद्रपुष्पे इत्यादी. ‘जिवंत खडक’ म्हणजे खरे तर मेलेल्या प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा. जिवंत असते ती त्यातली वस्ती. कोल्हापूरकराला समुद्र आंबा घाटापलीकडे, म्हणून इथली टाकी पाकिटातल्या मिठावर चालते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता धरतात. खडक कोरडा आणला तरी विकतच्या प्रवाळाच्या बुडाला चिकटून आगंतुक येतातच.

नव्या टाकीत पहिल्यांदा दिसते ती तपकिरी भुकटी. हे डायअ‍ॅटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शैवल. त्यांना सिलिका लागते आणि बेसॉल्टमध्ये मुरलेल्या बोअरच्या पाण्यात ती असतेच. पाणी गाळणाऱ्या आरओला डीआयची (उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीची) जोड दिली, की बहुधा काही आठवड्यांत भुकटी ओसरते.

बाकीच्यांसाठी आधी ओळख, मग उपाय. रात्री दिवे मालवून लाल प्रकाशाची बॅटरी आणि भिंग घ्यावे, पिपेटने हलकी फुंकर मारावी. झटकन आत ओढून घेतले तर तो प्राणी. जागचे हलले नाही तर बहुधा शैवल किंवा स्पंज. आठवडाभर रोज एकाच कोनातून फोटो काढले, की वाढीचा वेगही कळतो.

वांग्याच्या रंगाचा, नखाने न निघणारा चुनखडी थर म्हणजे कोरलाइन शैवल, तो हवाच. मोहरीएवढी पांढरी वेटोळी हे निरुपद्रवी कृमी. सायीसारखा सोलून निघणारा लाल थर सायनोबॅक्टेरियाचा. तो ओढून काढावा, माशांचे खाणे कमी करावे, प्रवाह वाढवावा. काचेच्या हिरव्या मण्यांसारखे बुडबुडे म्हणजे व्हॅलोनिया हे शैवल. त्यातला एकेक मणी ही एकच पेशी असते! खडक बादलीत घेऊन मणी न फोडता बुडापासून काढावेत.

खरा त्रास आयप्टेशिया या समुद्रपुष्पाचा. पारदर्शक तपकिरी देठ, वर टोकदार लांब शुंडके. स्पर्श होताच सगळे भोकात गडप. सुरीने खरवडणे ही सर्वांत मोठी चूक, कारण बुडाच्या तुकड्यातून नवे जीव उगवतात. पंप बंद करून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट लापशी सिरिंजने थेट तोंडावर सोडावी. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पीएच चढतो. पानाचा चुना वापरू नये. त्यात आणखी काय मिसळले असेल सांगता येत नाही. पेपरमिंट कोळंबी आयप्टेशिया खाते, पण प्रत्येक खातेच असे नाही. बर्घिया ही समुद्री गोगलगाय मात्र दुसरे काही खातच नाही.

कंटाळून खडक उकळणे जिवावर बेतू शकते. झोअँथिड या समुद्रपुष्पांच्या नात्यातल्या गटातील काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. ते उकळून नष्ट होत नाही. वाफ श्वासात जाऊन घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून हातमोजे आणि चष्मा नेहमी असावा, खडक कधीही तापवू नये, कोरडा घासू नये.

कोकणच्या किनाऱ्यावरून खडक उचलून आणण्याचा मोह टाळावा. रीफ (प्रवाळभित्ती) बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. आपल्या टाकीतून काढलेला खडक किंवा जीवही रंकाळ्यात वा पंचगंगेत सोडू नये.